ओल्या रंगावरचं कुंकू

वीतभर मॉडेल इंजिनापायी आईचं नि माझं कसं वाजलं, ते सांगितलं का न्हाय तुला? खाणीतल्या रेल्वेच्या इंजिनासारखं पिवळंजर्द रंगवलं, काळे पट्टे ओढले आणि खिडकीत वाळत ठेवलं. जरा वेळानं बघतोय तर तोंडावर कुंकवाचं बोट! ओल्या रंगात गच्च बसलेलं.

“आई, हे काय केलंस?”

“नवी गाडी हाय न्हवं? पुजल्याबिगर बाहेर काढतोस व्हय?”

पुसावं तर रंगच निघणार. तसंच नेलं, आमची दोस्तमंडळी इंजिनं पळवतात तिथं. सगळी खो खो हसली. पण त्या दिवशी वळणावर एकेकाचं इंजिन रुळावरून घसरलं. माझं तेवढं झोकात गेलं.

पुढच्या रविवारी तीच मंडळी दारात, हातात आपापली इंजिनं.

“काकू हाईत का घरात?”