सहाला रिकामी होणारी पेटी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा आधार असलेले आदरणीय बन्सीलालभाऊ, व्यासपीठावर बसलेले प्राचार्य महोदय, धुळ्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, माझे सहकारी आणि समोरचे विद्यार्थी,

आपण मला शाल दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषणाची मला सवय नाही. मी कॉम्प्युटर विभागात काम करते. तिथे कमी बोललेलं चालतं.

सत्कार कशासाठी, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. थोडं मोठं करून सांगितलं, म्हणून मी नेमकं सांगते. आपल्याकडे मशीन एकच, त्याला बारा टर्मिनल जोडलेली. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम ज्या डिस्कवर चालतात, तिच्यावरच संस्थेचे प्रवेश आणि निकाल आहेत. शिकणाऱ्याचा प्रोग्रॅम चुकणारच. तो ऑफिसच्या फायलींत घुसला तर? म्हणून मी विद्यार्थ्यांसाठी डिस्कवर एक बंद जागा केली. तिला सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे वाळूची पेटी. लहान मुलाने वाळू घरभर करू नये म्हणून चौकट घालून द्यावी, तशी. आतल्या प्रोग्रॅमला ती पेटी म्हणजेच सगळी डिस्क वाटते. त्याने सगळं पुसायला सांगितलं, तरी पुसलं जातं ते पेटीतलंच.

शिंदखेड्याच्या भटूने हे करून दाखवलं. तो समोरच बसला आहे. त्याने मान खाली घालायचं कारण नाही. त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, मी कॉलेज पुसलं वाटतं."

"कॉलेज जागेवर आहे," मी म्हटलं. "तुम्ही जेवून या."

"जेवण जायचं नाही, मॅडम."

तोवर बातमी भाऊंच्या घरी पोचली होती. त्यांचा फोन आला, "पोरी, बठ्ठं गयं का?" सगळं काय, ऑफिसची एकही फाइल गेली नव्हती. भाऊंनी तेव्हाच हा सत्कार ठरवला. धुळ्याचे पाहुणेही हीच व्यवस्था त्यांच्याकडे करणार आहेत. त्यांनी ती अर्धवट नेऊ नये, म्हणून पुढचं सांगते.

भटूच्या प्रकारानंतर मी आणखी एक नियम घातला. रोज संध्याकाळी सहाला पेटी आपोआप रिकामी व्हायची आणि पुन्हा कोरी मिळायची. एकाचा बिघडलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, हा हेतू. रोज टेपवर जी प्रत घेतो, तीत पेटी धरायची नाही, हेही मीच ठरवलं. सूचना लावली होती. पडद्यावर, इंग्रजीत. ती वाचायला कोण थांबतं? मी स्वतः थांबत नाही.

धरणगावची हमीदा शेवटच्या वर्षाला आहे. तिचे वडील अमीनभाई कापूस पिंजून गाद्या भरून देतात. गादीचं माप दिलं की कापूस किती लागेल हे सांगणारा प्रोग्रॅम ती बरेच दिवस लिहीत होती. नव्या कापसाला वेगळा हिशोब, जुना पिंजून घेतला तर वेगळा. नियम सुरू झाला त्या दुपारी, एसटीच्या घाईत, तिने दारातून विचारलं, "मॅडम, सेव्ह झालं ना?"

मी पडद्यावर पाहिलं. फाइल होती. "झालं," मी म्हटलं.

उत्तर बरोबर होतं. सहापर्यंत बरोबर होतं. इतरांकडे आपली प्रत ठेवायला फ्लॉप्या होत्या, तिच्याकडे नव्हती, आणि हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल." मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. नंतर म्हटलं. मध्ये जो वेळ गेला, तो माझ्या डोक्यातून जात नाही.

अमीनभाई भेटायला आले. "मॅडम, मशीन खराब आहे का?"

"मशीन चांगलं आहे."

"मग पोरगी खराब?"

मी सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "मग तुमचं काय जाईल?"

मला शाल मिळाली. हमीदाचं वर्ष जाईल, कारण प्रोजेक्ट द्यायची मुदत आज संपते आणि प्रोजेक्टशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मी प्राचार्यांना अर्ज दिला. नियम सगळ्यांना सारखा, असं ते म्हणाले. नियमाच्या बाजूने मीही एरवी असंच म्हटलं असतं.

भाऊ, चारचौघांत मागून तुम्हाला अडचणीत आणते आहे, हे मला कळतं. पण वाचलेल्या फायली माझ्या नावावर धरता, तर गेलेली एक फाइलही धरा. हमीदाला सोमवारपर्यंत मुदत द्या.

ती आज सभेला नाही. वर विभागात बसून, आठवून आठवून पुन्हा लिहिते आहे. पेटी आज सहाला रिकामी होणार नाही. ते काम मी सकाळी कोणालाही न विचारता बंद केलं. ऑफिसच्या फायलींना त्याने धोका नाही, हे तपासलं आहे. तरी नियम मोडला, हे खरं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं. पेटीबद्दल मात्र माफी आज मागत नाही. ती सोमवारी मागेन.