अख्ख्या देशात तिघं

फ्लूची लस टोचून घ्यायला आमच्या यॉर्कशरच्या खेड्यातले झाडून सगळे म्हातारे शनिवारी दवाखान्यात बसले होते. माझ्या शेजारचे आजोबा समोरच्या बाईंशी बोलत होते, तेही खणखणीत आवाजात.

“रेवनस्लॅक? असलं आडनाव मी पहिल्यांदाच ऐकतेय.”

“ऐकणार कुठून! टेकडीमागे डोमकावळ्यांची घळ आहे ना, तिथे आमचं मूळ घर. त्या घळीचंच नाव आम्हाला चिकटलं.”

“मग अजून बरेच असतील तुमच्यातले?”

“एकेकाळी चर्चच्या आवारात दर तिसरा थडग्याचा दगड आमचा असायचा. गेल्या वर्षी वाचनालयातल्या मुलीने शोधून काढलं, अख्ख्या देशात तिघंच.”

“अगंबाई! कोण कोण?”

“एक मी. एक माझी बायको विनी, ती मार्चमध्ये गेली.”

“अरेरे. आणि तिसरं?”

“धाकटा भाऊ. आईच्या घड्याळावरून बिनसलं. एकोणीस वर्षं झाली.”

“अहो, मग एक फोन करा की!”

“मी थोरला आहे. त्याने करावा.”

“विनीच्या वेळी तरी आला होता?”

“चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता म्हणे. नंतर चहाला थांबला नाही.”

“जरा हळू बोला, लोक ऐकताहेत.”

“ऐकू दे ज्याला ऐकायचंय त्याला.”

दार उघडून नर्सने हाक मारली, “रेवनस्लॅक!”

आजोबा उठले. खिडकीपाशी पेपरामागे बसलेले दुसरे एक आजोबाही उठले. तेच लांब नाक, तोच पोक.

“अरे, दोघं? नातेवाईक का तुम्ही?”

“नाही,” दोघं एकदम म्हणाले.