बाहेरच्या खोलीतली गादी

वन्सं : …आणि बाळ्या एक अक्षरही बोलला नाही?

पायलट : नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ही गर्भाची पिशवी, हे तिचं तोंड, एवढं काढणार, एवढं ठेवणार. हे आपले त्या चित्राकडे बघत बसले, कपाटाचं माप घ्यायला आल्यासारखे.

वन्सं : सुतार माणूस. जन्मभर मापंच घेतोय.

पायलट : खाली आलो तेव्हा म्हणाले, पलंग उंच करायला हवा, तुला वाकायला नको. बस्स. वन्सं, सव्वीस वर्षांच्या संसारात मला एवढं तर कळतं की हा माणूस घाबरला की काहीतरी ठोकायला घेतो.

वन्सं : लहानपणापासून तसाच. आमची आई आजारी पडली तेव्हा दिवसभर एक स्टूल करत बसला होता. बरं, उद्या नक्की काय काय काढणार ते मला नीट सांग. तुझ्या पोरीने फोनवर सांगितलं, पण ती रडत होती. मला अर्धं कळलं, अर्धं नाकातून आलं.

पायलट : तिला म्हटलं, परीक्षा दे आणि मग ये. ऐकते का बघू. काढणार म्हणजे, पिशवी, पिशवीचं तोंड, त्याच्या आजूबाजूचं थोडं, आणि जवळपासच्या बारीक गाठी. बीजकोश ठेवतील. गाठी तपासायला पाठवायच्या. त्यांत काही निघालं नाही तर ऑपरेशनवर भागलं. निघालं तर मशीनवर किरणांचे शेक घ्यायचे.

वन्सं : आणि हे सगळं कळलं कसं? मला वाटलं, एसटी चालवणारी तू, सगळे पायलट म्हणतात तुला, तुझी तब्येत म्हणजे दगड.

पायलट : डोळे तपासायला गेले आणि कळलं.

वन्सं : थट्टा नको.

पायलट : थट्टा नाही. डेपोत दरवर्षी ड्रायव्हर लोकांची तपासणी असते. डोळे, रक्तदाब, साखर. यंदा एक डॉक्टर आला, त्याने बायकांना वेगळं बसवून विचारलं, पाळी कशी आहे, मधेच कधी रक्त जातं का. एवढ्या वर्षांत डेपोत मला कुणी असलं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, डाग दिसतात अधूनमधून, वय झालं, पाळी जाताना गोंधळ घालतेच. तो म्हणाला, आजच्या आज दाखवा. दाखवलं तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

वन्सं : डाग कधी दिसायचे?

पायलट : जाऊ द्या ना.

वन्सं : अगं, मुलींचं वसतिगृह सांभाळण्यात माझी उमर गेली. मला लाजून काय करणार आहेस?

पायलट : आम्ही जवळ आलो की दुसऱ्या दिवशी.

वन्सं : बाळ्याला माहीत होतं?

पायलट : एकदा चादर बघितली त्यांनी. त्यानंतर जवळच आले नाहीत. दमलोय म्हणायचे. मलाही वाटलं, पन्नाशी उलटली, दमत असतील.

वन्सं : हं. भीती वाटतेय का तुला?

पायलट : वाटतेय. उतारावर ब्रेक कमी लागतोय असं वाटावं ना, तसं सकाळपासून होतंय. फरक एवढाच की उतारावर स्टिअरिंग माझ्या हातात असतं. उद्या गाडी दुसरीच्या हातात द्यायची. पॅसेंजर म्हणून बसायची सवय नाही हो मला.

वन्सं : बसायचं कुठे, तुला तर झोपवून नेणार. रात्रीच्या गाडीत लोक झोपतात तुझ्या भरवशावर. कधी मागे वळून विचारलंस त्यांना, झोप लागते का म्हणून?

पायलट : नाही विचारलं.

वन्सं : मग तूही उद्या झोप. गाव आलं की उठवतील.

*

पायलट : नको वन्सं. तुम्ही जाऊन या. मी नाही येत बाहेर.

वन्सं : डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं.

पायलट : ही लघवीची पिशवी लटकवून? गल्लीतली सगळी बघतील. एक पिशवी काढली आणि दुसरी लावून दिली.

वन्सं : तिच्यासाठीच तर ही झोळी शिवली मी. नळी आत, पिशवी आत. खांद्याला अडकवायची आणि बाजाराला निघाल्यासारखं चालायचं. पाणी पिताना तू जे तोंड करतेस त्यापेक्षा ही झोळी कितीतरी बरी दिसते.

पायलट : काल निघेल असं वाटलं होतं हो. नर्सने नळी काढली, तांब्याभर पाणी पाजलं, मोरीत नेऊन बसवलं. नळ सोडून ठेवला. नळ वाहतोय आणि मी बसलेय. ढिम्म. पुन्हा नळी घातली आणि तशीच परत घरी पाठवलं.

वन्सं : म्हणाली ना ती, ऑपरेशनमध्ये तिथल्या नसांना धक्का बसतो, जाग यायला वेळ लागतो. पुष्कळ जणींचं असं होतं म्हणाली.

पायलट : गंमत बघा. इतकी वर्षं मी दाबून गाडी चालवली. मधल्या थांब्यांवर पुरुष लोक भिंतीआड जाऊन येतात, आमची सोय कुठे? तिला म्हणायचे, गप बस, डेपो आला की जाऊ. गप बसायची बिचारी. आता मी म्हणते, चल, तर ती म्हणते, गप बस.

वन्सं : संपावर गेलीय म्हण.

पायलट : हसवू नका. टाके ओढले जातात.

वन्सं : मग उशी धर पोटाशी आणि हस. अगं, काल रिपोर्ट आला. गाठी साफ. शेक नको, काही नको. असल्या बातमीसाठी त्या दवाखान्यात माणसं डोळ्यांत प्राण आणून बसतात. आणि तू तोंड पाडून बसलीयेस. हे नळीचं दुःख नाही. काय झालंय?

पायलट : काही नाही.

वन्सं : काही नाही म्हणजे बाळ्या.

पायलट : ह्यांनी रिपोर्ट वाचला. दोनदा वाचला. घडी घातली, खिशात ठेवला, आणि पुन्हा बाहेरच्या खोलीत जाऊन गादी टाकली. दवाखान्यातून आल्यापासून तिथेच झोपतात. मी विचारलं तर म्हणे, पलंग करकरतो, तुझी झोप मोडेल.

वन्सं : सुताराच्या घरचा पलंग करकरतो?

पायलट : तेच म्हणते मी. पायांखाली ठोकळे घातले, भिंतीला धरायला दांडा बसवला, सगळं केलं. आणि स्वतः बाहेर. वन्सं, मला वाटतं त्यांना किळस येतेय. ही नळी, हा वास. येणारच. मलाच माझी येते.

वन्सं : किळस?

पायलट : मग काय समजू?

वन्सं : ऑपरेशननंतर दवाखान्यात पहिले दोन-तीन दिवस तू गुंगीत होतीस. तुझी लघवीची पिशवी कोण रिकामी करत होतं असं वाटतं तुला?

पायलट : नर्स. नाहीतर तुम्ही.

वन्सं : माझे गुडघे वाकतात का पलंगाखाली? आणि नर्स एक, बायका वीस. बाळ्या करायचा. खाली बसून, माप बघून, कागदावर लिहून. शेजारच्या बाईची लेक नवखी होती, तिलाही त्याने शिकवलं. मला दम दिला होता, तिला सांगू नकोस, तिला संकोच वाटेल.

पायलट : मला वाटलं… मग बाहेर का झोपतात?

वन्सं : ते मला ठाऊक नाही. मी त्याची बहीण, त्याचं मन नव्हे. ज्याचं त्याला विचार.

पायलट : कसं विचारू?

वन्सं : भर रस्त्यात गाडी आडवी घालणाऱ्याला कसं विचारतेस? तसंच. थोडं हळू. आता चप्पल घाल. झोळी या खांद्याला. अशी. बाजाराला निघालेली बाई दिसतेस अगदी.

*

(काही आठवड्यांनंतर. वन्सं आपल्या घरी गेल्या आहेत. दुपारची वेळ. बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी.)

नवरा : खाली कशाला बसलीस? उठताना ताण पडेल.

पायलट : पडला तर हात द्या. म्हटलं बघावं तरी, इथे एवढं काय सुख आहे. बसा ना.

नवरा : भुसा आहे अंगाला. काय म्हणाल्या डॉक्टर?

पायलट : जखम छान भरलीय. नळी निघाली, ती निघालीच. आता घड्याळ लावून जावं लागतं, कळ अजून नीट येत नाही, पण सांगितलं की ऐकते. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. गाडी इतक्यात नाही. पोट आवळून ब्रेक मारायला अजून वेळ आहे म्हणाल्या. तोवर डेपोत कंट्रोलला बसा असं साहेबांनी कळवलंय. दिवसभर माइकवर ओरडायचं, गाडी लागली, गाडी सुटली.

नवरा : तुला जमेल ते.

पायलट : ओरडायचं ना? जमेल. आणि मी त्यांना आपल्या दोघांचंही विचारलं.

नवरा : कसलं?

पायलट : नवरा-बायकोचं. त्या म्हणाल्या, अजून थोडं थांबा, मग घाई न करता, जसं सोसेल तसं. मी म्हटलं, घाईचा प्रश्नच नाही बाई, आमचे हे अजून दारापर्यंतही आलेले नाहीत.

नवरा : असं सांगितलंस त्यांना?

पायलट : सांगितलं. आता तुम्हाला विचारते. पलंग करकरत नाही. काल मी एकटी त्यावर दहादा कुशी बदलून बघितली. गप्प आहे. मग तुम्ही इथे का?

नवरा : दे हात, ऊठ आधी.

पायलट : माझी किळस येते का?

नवरा : वेडी आहेस का तू?

पायलट : तशी नसावी. दवाखान्यात पिशवी तुम्ही रिकामी करत होतात म्हणे.

नवरा : ताईच्या पोटात काही राहत नाही.

पायलट : मग काय आहे ते तुमच्या पोटातलं तुम्ही काढा. माझं काढून झालं.

नवरा : मीही विचारलं होतं.

पायलट : कुणाला? काय?

नवरा : त्याच डॉक्टरांना. तुझं ऑपरेशन झालं, त्या बाहेर आल्या, सगळं नीट झालं म्हणाल्या. ताई रडायला लागली. त्या निघाल्या, तसा मी मागून गेलो. जिन्यात गाठलं. म्हटलं, बाई, हे माझ्यामुळे झालं का?

पायलट : अहो.

नवरा : तिथे भिंतीवर एक फलक होता. त्यावर लिहिलेलं, हा रोग एका विषाणूने होतो आणि तो संबंधातून येतो. तू आत होतीस तोवर मी तेवढंच वाचत होतो. दुसरं काही वाचायलाच नव्हतं.

पायलट : काय म्हणाल्या त्या?

नवरा : थांबल्या. जिन्यातच बसल्या माझ्याशेजारी. म्हणाल्या, हा विषाणू बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी लागतो आणि आपोआप जातो. एखादीत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून आला, कधी आला, कुणालाच सांगता येत नाही. शोधू नका म्हणाल्या. रक्तही तुमच्यामुळे नव्हतं, आतल्या दुखण्याचं होतं.

पायलट : मग झालं तर.

नवरा : डोक्याला पटलं. पण ती चादर मला दिसते. रंधा चालवताना लाकडाला जास्त दाब झाला तर हाताला लगेच कळतं. तुझ्या बाबतीत कळलं नाही. म्हणून वाटलं, आता हातच लावू नये. तू बरी हो. आपण बाहेर बरे.

पायलट : इतके दिवस हे घेऊन एकटे झोपत होतात?

नवरा : झोप कुठली?

पायलट : इकडे बघा. डेपोत त्या डॉक्टरने विचारलं तेव्हा सांगायला माझ्याकडे काय होतं? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तेवढे डागच होते. ते नसते तर मी साखर तपासून, सही करून गाडीवर गेले असते. आणि ते आतल्या आत वाढत राहिलं असतं. तुम्ही जवळ आलात म्हणून ते दिसलं.

नवरा : असं मी धरलं नव्हतं.

पायलट : मग आता धरा. आणि आधी मला धरा. उठायचंय. हां, असं. पाय आखडले.

नवरा : सावकाश.

पायलट : आता ही गादी गुंडाळा.

नवरा : आत्ता? ते दरवाज्याचं काम अर्धं टाकून आलोय.

पायलट : दरवाजा कुठे पळून जात नाही. मला दुपारी पडायचंय आणि तुम्ही शेजारी पडायचंय. एवढ्याला कुणाची परवानगी लागत नाही, मी तेही विचारून घेतलंय.

नवरा : भुसा आहे अंगाला.

पायलट : असू दे.

नवरा : दुखलं तर सांगशील?

पायलट : सांगेन. आणि नाही दुखलं तरी सांगेन.