सुईपुढची साक्ष

स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या इस्पितळात तपासणीसाठी थांबलेली सूलवेग विणत बसली होती. शेजारी बार्ब्रू, शाळेत साफसफाई करणारी. तेवढ्यात तिच्याबरोबर तिथंच साफसफाई करणारी मायलिस आली.

"तू इथं कशी गं, मायलिस?" बार्ब्रूनं विचारलं.

"खांद्यात सुई घालून स्नायूतलं पाणी तपासतात ना, त्या संशोधनालाच."

"मीही. दुखणाऱ्यांच्या गटात."

"मी न दुखणाऱ्यांच्या."

"तू? परवा तर मॉप पिळवत नव्हता तुला. मुकादमबाईनं धडधाकट म्हणून पाठवलं का?"

"हळू बोल. दुखतंय म्हटलं तर आधी मलाच घरी बसवतील."

"आणि माझं काय? दुखऱ्या खांद्यात ते लॅक्टेट, थकल्या स्नायूत साठणारं, जास्त निघतं म्हणे. तुझंही तेवढंच निघालं, तर म्हणतील, धडधाकट बाईचंही असंच असतं, बार्ब्रूचं सगळं नाटक."

"एका सुईनं काय होतंय."

"आजवर डॉक्टरांनी माझं खरं मानलं नाही, मायलिस. ही सुई तरी मानेल म्हणून आले."

सूलवेगच्या सुया कधीच थांबल्या होत्या.

दारातून नर्सनं हाक मारली, "मायलिस, कोट काढून आत ये."

"बार्ब्रू, बाही ओढ गं जरा. हात मागं जात नाही."

"तूच काढ. त्या नर्ससमोर. तुला दुखत नाही ना?"