चौकटीवरची बोटं

सांगा भाऊ, भरवसा कोणावर ठेवायचा, आपल्या डोक्यावर की घराच्या चौकटीवर? आमचं घर नझूलच्या, म्हणजे सरकारी जागेवर, पट्टा तीस वर्षांचा. बाबा दर पोळ्याला चौकटीवर गेरूचं एक बोट ओढायचे, म्हणजे एक वर्ष सरलं. मरताना म्हणाले, "सहा वर्षं राहिली." तेच माझ्या डोक्यात बसलं, बोट काही मी ओढलं नाही.

परवा नझूल ऑफिसातला बाबू म्हणाला, "शेठ, दोनच उरली. मुदत वाढवा, नाहीतर घर जाईल."

घरी येऊन बोटं मोजली. पूर्ण अठ्ठावीस! बाबांची चोवीस, मग वरची चार कोणाची? बायकोला विचारलं, "तू ओढते का?"

"मी कायले ओढू? मले वाटे, तुम्हीच ओढून राहिले."

दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. तुम्हीही वर्षांचा हिशेब खरा ठेवा, भाऊ. आपण नाही ठेवला, तर ठेवणारा येतो.