शून्य ताण

आणि तरीही विचारताय, काका, की मी कशावरून म्हणतो? अहो, बसा तरी. ठेवा तो तुटका ब्रॅकेट टेबलावर, त्या फाइलवरच ठेवा — साहेबांची आहे, निदान वजन ठेवायला तरी कामी येईल. तर तुम्ही वेल्डर, तुम्ही ठिणग्या बघता, मी आकडे. क्रेनचा हा ब्रॅकेट मी कॉम्प्युटरवर काढला, त्याचे बारीक त्रिकोण पाडले — हजारो! ताण किती, ते कॉम्प्युटर फक्त त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर सांगतो. मधल्या जागेचं काय? तिथे तिन्ही कोपऱ्यांचं थोडं थोडं घ्यायचं, जो जवळ त्याचं जास्त — वाटणीच म्हणा, फक्त भावकी नाही म्हणून भांडण होत नाही. साहेबांनी विचारलं, तडा गेला तिथे ताण किती? मी बिंदू दिला, उत्तर आलं — शून्य. आता जिथे ताणच नाही तिथे लोखंड तुटलं, तर दोष कोणाचा? तुमच्या वेल्डिंगचा. माझं तुमच्याशी काय वैर आहे का? तुम्ही जोडलेल्या जिन्यावरून बावीस वर्षं बिनघोर चढतोय मी. पण आकडा तो आकडा. त्यांनी तुम्हाला घरी बसवलं, आणि त्या रिपोर्टखाली सही माझी आहे — हो, आहे.

काय? कॉम्प्युटर चुकत नाही का? चुकत नाही हो, निगरगट्ट आहे. ब्रॅकेटच्या बाहेरचा बिंदू द्या, या चहाच्या कपातला द्या — 'इथे काही नाही' म्हणेल? नाव नको. गुपचूप शून्य छापतो. नवखे फसतात. मी नाही, मी मापं स्वतः टाकतो, ड्रॉइंगवरून. तडा बोल्टच्या भोकापासून निघालाय ना? भोकाची मापं ड्रॉइंगवर असतातच — डावीकडून ऐंशी, खालून चाळीस. तीच टाकली. द्या ती पट्टी, दाखवतोच. ऐंशी... चाळीस... हे बघा, बरोबर इथे, माझं बोट—

आरपार गेलं.

मापं भोकाच्या मध्याची लिहितात. सगळं वर्कशॉप जाणतं. मीही जाणतो. मी हवेचा ताण काढला, काका, आणि खाली सही केली. तुम्हाला ठाऊक होतं — म्हणून हा तुकडा घेऊन आलात, आणि मघापासून नुसते विचारताय. लाज वाटते हो मला.

साहेब जेवून अडीचला येतात. तुकडा राहू द्या, मला त्यांच्यापुढे न्यायचाय. तुम्ही घरी — नाही, घरी नको. कामाचे कपडे चढवा. जा. आणि आता काही विचारू नका.