हॉर्न दाबला की बातम्या बंद

...हॉर्न वाजवू नका म्हणे! कोणाला सांगतोय? मला! अहो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्याच्या गाडीपुढे आडवा उभा राहून उत्तरं घेतली, आणि हा बॅटरीवाला काउंटरवर कोपर टेकून, कान कोरत मला सांगतो, "हॉर्न दाबला की स्टिरिओ बंद पडतो ना साहेब? मग हॉर्न वाजवू नका." संपलं! झाली दुरुस्ती! उद्या डॉक्टरला म्हटलं, जिना चढताना गुडघा दुखतो, तर तो म्हणेल, तळमजल्यावर राहायला जा!

आणि कुठे वाजवू नका? आमच्या त्या चौकात? तुम्हाला सांगतो, तिथे सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायला आला तरी पुढचा गृहस्थ आरशात नाकातले केस मोजत बसलेला असतो. मग हॉर्न नाही वाजवायचा तर काय, त्याला चिठ्ठी पाठवायची? मी दाबतो. दाबणारच. दाबला की भोंऽऽ... आणि स्टिरिओ गपगार! पडदा काळा. मग हळूच उजेड, घड्याळात भर संध्याकाळी बारा, आणि स्टेशन शोधा पुन्हा पहिल्यापासून. सापडेपर्यंत पाच पस्तीस. आणि पाच पस्तीसला बातम्या संपतात.

तुम्ही विचाराल, एवढं काय ठेवलंय त्या बातम्यांत? सांगतो. त्या माझी मुलगी वाचते.

हां. आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही. म्हणजे ती बोलते, रेडिओवर; मी ऐकतो, गाडीत. आठ महिने हेच चाललंय. तिच्यासाठी आमच्या संपादकाकडे शब्द टाकला होता मी, टेबलसुद्धा ठरलं होतं, खिडकीजवळचं, आणि ही बया गेली रेडिओत! मी म्हटलं, पाच मिनिटांत कसली डोंबलाची बातमी? दोन जाहिरातींच्या मधे श्वास घ्यायला ठेवलेली जागा ती! मी तुझा रेडिओ ऐकणार नाही! म्हटलं ते म्हटलं. आता घरी रेडिओ लावावा तर बायको बघते. मोबाइलवर ऐकावं तर मोबाइल पोरीनेच घेऊन दिलेला, त्याच्यावर तिलाच ऐकायचं म्हणजे शरणागती! गाडीतलं वेगळं. स्टिरिओ चालू असतो, कानावर पडतं. कानावर पडणं म्हणजे ऐकणं नव्हे!

तर, हॉर्न वाजवू नका. का नको? बॅटरीवाल्याकडून नवी बॅटरी घेतली, "जुनी दमलीय साहेब" म्हणाला म्हणून. दुकानातून बाहेर पडतोय तोच एक स्कूटरवाला आडवा आला. भोंऽऽ... बारा! तिथून तडक स्टिरिओच्या दुकानात. तिथला तो केस उभे केलेला पोरगेलासा मालक माझ्या स्टिरिओकडे असा बघतो, जणू मी खोदकामातून काढून आणलाय. "अंकल, हा अजून चालतो? नवीन घ्या ना, एवढा मोठा पडदा येतो, मागचं सगळं दिसतं." म्हटलं, मला मागचं बघायचं नाही, साडेपाचचं ऐकायचंय! त्याने फ्यूज काढला, बघितला, फुंकर मारली, परत बसवला. "फ्यूज ओके आहे अंकल. तोपर्यंत तुम्ही असं करा ना... हॉर्न नका वाजवू."

पुन्हा तेच! यांनी शहरभर बैठक घेतलीय की काय?

मग म्हटलं, बास. मीच शोधतो. जन्मभर दुसरं केलं काय? धरणातून पाणी सुटलं किती, टाकीत पोचलं किती, मधे गेलं कुठे? या तीन प्रश्नांवर दोन इंजिनिअर घरी बसवलेत मी! विजेचं काय वेगळं असतं? मीटर आणला. रविवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला आणि बायकोला हॉर्नवर बसवलं.

"अहो, किती वेळ दाबू?"

"मी थांब म्हणेपर्यंत!"

भोंऽऽ... बॅटरीपाशी बारा व्होल्ट. भोंऽऽ... फ्यूजपाशी बारा. वरच्या गॅलरीतून निवृत्त प्राध्यापक ओरडतायत, "अहो बातमीदार! रविवारी तरी माणसांनी झोपायचं की नाही?" मी खालून ओरडलो, "तपास चालू आहे!" भोंऽऽ... स्टिरिओच्या मागे, अगदी त्याच्या तोंडाशी आलेल्या वायरवर... बारा! सुटले बारा, पोचले बारा, मधे एक थेंब गळला नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टिरिओ मेला! एकतीस वर्षांत इतका चोख कारभार पाहिला नव्हता हो मी!

आणि त्यात बायको, हॉर्नवरचा हात न काढता, मोठ्याने, "तिचा फोन आला होता!"

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे! विचारत होती, आई, बाबांना बरं नाही का? पंधरा दिवस झाले, माझी एकही चूक काढली नाही त्यांनी."

आता चुका मी काढतो, नाही म्हणत नाही. जेवता जेवता बायकोला नुसतं म्हणतो, त्या आगीच्या बातमीत एकच बाजू होती, असं कुणीतरी सांगत होतं. ते पुढे पोचतं, त्याला मी काय करू? म्हटलं, "सांग तिला, ठणठणीत आहे मी! आणि स्टिरिओचं अजिबात बोलू नकोस."

"बोलले मी. ती म्हणाली, मग बाबांना म्हणावं, थोडे दिवस हॉर्न वाजवू नका."

घरातूनसुद्धा! रक्ताचं माणूस!

सोमवारी गाडी घातली पुलाखालच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे. म्हातारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी सगळा तपास सादर केला, आकड्यांसकट. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलंत कुठे कुठे?"

"सगळीकडे! बॅटरीपासून स्टिरिओपर्यंत!"

"ती झाली जाण्याची वाट. वीज परतही जाते की साहेब. परतीची काळी वायर आहे, तिला विचारलंत?"

त्याने काचेवरच्या 'प्रेस'च्या स्टिकरकडे बोट दाखवलं.

"पेपरवाले ना तुम्ही? आणि दुसऱ्या बाजूला विचारलंच नाही?"

अहो, माझं वाक्य आहे ते! नव्या पोरांच्या बातम्यांवर लाल पेनाने मी हेच लिहितो, दुसरी बाजू कुठे आहे, दोन रेघा मारून! ते मला पुलाखाली ऐकावं लागलं!

मिस्त्रीने काळी वायर हाताने चाचपत डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वायर गाडीच्या पत्र्यावरच्या एका बोल्टला बांधलेली, वीज परत जाते ती त्या पत्र्यातून; आणि बोल्ट रंगावरच बसवलेला, त्याला वरून गंज, धड धरलेला नाही, नुसता टेकलेला. आणि त्याच बोल्टला आणखी एक वायर, जाडजूड. "ही कोणाची?" ही... ही माझ्या हॉर्नची. गेल्याच महिन्यात जुनी पिपाणी काढून ट्रकचा दुहेरी हॉर्न बसवून घेतला होता मी, रस्त्याच्या कडेला, घाईघाईत. "वायर कुठेही बांध, आवाज मोठा पाहिजे," असं बसवणाऱ्याला सांगणारा इसम कोण? मीच! हॉर्न दाबला की त्याची सगळी वीज परत जायला त्या एका बोल्टवर तुटून पडायची, आणि स्टिरिओच्या विजेला परतायला वाटच उरायची नाही.

मिस्त्रीने रंग खरवडला, चकचकीत लोखंड उघडं केलं, दोन वायरींना दोन वेगळे बोल्ट दिले. दहा मिनिटं! भोंऽऽ... स्टिरिओ चालू! पुन्हा भोंऽऽ... चालू!

आणि मग तिथेच, त्याच्या स्टुलावर बसून, मी फोन लावला. तिनेच दिलेल्या मोबाइलवरून. म्हटलं, "एक प्रश्न विचारायचा राहिला होता. पेपर सोडून रेडिओत का गेलीस?"

म्हणते, "बाबा, छापलेलं काहीही हातात आलं की तुम्ही लाल पेन काढता. रेडिओवर लाल पेन चालत नाही. निदान पाच मिनिटं तुम्हाला गप्प बसून माझं ऐकावं लागतं."

"मी ऐकत नाही!" म्हटलं. "कानावर पडतं!"

"हो बाबा. ठेवते, पाच वाजले. तयारी करायचीय."

झालं. काल संध्याकाळी, तोच चौक. सिग्नल हिरवा. पुढचा गृहस्थ आरशात. साडेपाचला तिचा आवाज आला, "नमस्कार, ठळक बातम्या..." आणि माझा हात गेला हॉर्नवर. आता कोणाच्या बापाची भीती? दाबला! चांगला तीन सेकंद! भोंऽऽऽ! पडदा उजळलेला, घड्याळ बरोबर, स्टिरिओ एक पापणी हलवेल तर शपथ! जिंकलो!

...फक्त पहिली बातमी काय होती ते कळलंच नाही. ट्रकचा हॉर्न तो! त्याच्यापुढे पोरीचा आवाज ऐकू येतोय कसला?

काय करणार? हात काढून मांडीवर ठेवला. पुढच्याचे केस मोजून झाले नव्हते, सिग्नल पुन्हा लाल झाला. झाला तर झाला. तिसरी बातमी चालू होती, बरी वाचत होती, आणि दोन्ही बाजू होत्या तिच्यात... एवढ्यात मागच्या गाडीवाल्याने सुरू केलं, भोंऽऽ, भोंऽऽ! मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि जीव खाऊन ओरडलो,

"अहो, हॉर्न वाजवू नका!"